खातिनमध्ये लग्नं कशी व्हायची?

मराठी माणसाला ‘ख’ आणि ‘क’ यांतला फरक समजावून सांगावा लागू नये. पण मिन्स्कहून परतल्यापासून मी तेच करते आहे. खातिनला जाऊन आले असं म्हटलं की समोरचा चांगला वाचणारा माणूसही मान डोलावतो, ‘हो, ते पोलिश अधिकाऱ्यांचं हत्याकांड ना?’ नाही हो, ते कातिन. ते रशियात, स्मोलेन्स्कजवळ. १९४० साली स्टालिनच्या गुप्त पोलिसांनी तिथे आणि आणखी काही ठिकाणी मिळून सुमारे २२ हजार पोलिश कैद्यांना गोळ्या घातल्या, आळ जर्मनांवर घातला आणि १९९० उजाडेपर्यंत कबुली दिली नाही. खातिन म्हणजे बेलारूसमधलं २६ घरांचं खेडं. ते जाळलं हिटलरच्या पगारावरच्या लोकांनी.

या गोंधळाची मला आता सवय झाली आहे. माझी खरी तक्रार वेगळी आहे. ज्यांना हे गाव ठाऊक आहे, त्यांनाही त्याचा एकच दिवस ठाऊक आहे, २२ मार्च १९४३. आदल्या दिवशी तिथे काय चाललं होतं, त्याच्या आदल्या वर्षी काय पिकलं होतं, हे कुणी विचारत नाही. मीही बरीच वर्षं विचारलं नव्हतं.

१९८३ साली सोव्हिएत शिष्यवृत्तीवर मी फलटणहून मिन्स्कला गेले. पहिलं वर्ष नुसतं रशियन शिकण्यात गेलं. पुढच्या मे महिन्यात आम्हा परदेशी विद्यार्थ्यांची बस खातिनला निघाली. सहल ऐच्छिक आहे असं कागदावर होतं, पण गैरहजर राहिलेलं कुणी मला आठवत नाही. व्हिएतनामची मुलं, क्यूबाच्या मुली, एक येमेनी आणि मी. बरोबर काळा पाव नि उकडलेली अंडी.

बेलारूस म्हणजे सपाट, दलदलीचा देश असं आम्हाला भूगोलात शिकवलं होतं. ते दक्षिणेला, प्रिपयात नदीच्या अंगाला खरं आहे. मिन्स्कहून व्हितेब्स्कच्या रस्त्याने उत्तरेकडे निघालं की मात्र लोगोइस्कच्या आसपास जमीन वरखाली व्हायला लागते. देशातलं सगळ्यात उंच ठिकाण ३४५ मीटरचं. फलटणच्या माणसाला ते टेकाडही वाटायचं नाही. पण तिथे तेवढ्या चढउताराचंही कौतुक आहे. आता लोगोइस्क भागात बर्फावरून घसरायची केंद्रं झाली आहेत आणि हिवाळ्यात सुटीला मिन्स्कची माणसं तिकडे धावतात. या टेकड्या हिमनद्यांनी ओढून आणलेल्या मातीगोट्यांच्या. त्यांच्या अंगावर पाइन, स्प्रूस आणि बर्च, म्हणजे आपल्या भूर्जपत्राच्या भूर्जाचा भाऊबंद. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर महामार्ग सोडायचा, आणखी पाचेक किलोमीटर झाडीत शिरायचं आणि मग एकाएकी डोक्यावर मोकळं आभाळ येतं. ती मोकळी जागा म्हणजे खातिन.

तिथली छोटी खेडी अशीच असत. जंगल तोडून जेवढं शेत काढता आलं तेवढं गाव. राय, बटाटा, धाग्यासाठी पिकवायचं जवस म्हणजे फ्लॅक्स, चार गायी. बाकीचं जंगल द्यायचं. घराला ओंडके, चुलीला सरपण, उन्हाळ्यात बोरासारखी निळी फळं, पाऊस पडला की अळंबी. बर्फ वितळायला लागला की बर्चच्या खोडाला खाच पाडून भांडं लावायचं आणि गोडसर रस पाण्यासारखा प्यायचा. घराला बेलारूसी भाषेत ‘खाता’ म्हणतात. (मराठी कानाला हा शब्द ऐकून आधी भूक लागते.) गावाच्या नावाची व्युत्पत्ती काय असेल ती असो, त्यात मला नेहमी घर ऐकू येतं.

या लाकडी घरात लाकडाची नसलेली मोठी वस्तू एकच, ‘पेच’. आपण तिला चूल म्हणू, पण ती चूल, भट्टी, शेकोटी आणि पलंग सगळं एकत्र असते. विटा आणि माती यांची, खोलीचा चांगला मोठा भाग व्यापणारी. स्वयंपाक तिच्यात, पाव तिच्यात, आणि थंडीत म्हातारी माणसं नि पोरं झोपतात तिच्यावर. घर पेटलं की ओंडके, छप्पर, खाटा, पेट्या, सगळ्याची राख होते. पेच आणि तिचं धुराडं उभं राहतं. युद्धानंतर बेलारूसभर लोकांनी हेच पाहिलं. रस्त्याच्या दुतर्फा नुसती धुराडी. खातिनचं स्मारक समजायला एवढं घरबांधणीचं ज्ञान पुरतं.

त्या दिवसाची गोष्ट थोडक्यात सांगते. सकाळी प्लेश्चेनित्सी–लोगोइस्क रस्त्यावर जंगलातल्या गनिमी तुकडीने पोलिसांच्या गाड्यांवर हल्ला केला. त्यात हान्स व्योल्के नावाचा पोलिस कॅप्टन मेला. हा १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमधला गोळाफेकीचा सुवर्णपदकविजेता; ज्या ऑलिम्पिकमध्ये ध्यानचंदांच्या संघाने अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असं हरवलं, तेच ते. गनिमांनी आदली रात्र खातिनमध्ये काढली होती. दुपारी ११८ व्या सहायक पोलिस बटालियनने आणि डिर्लेवांगरच्या एसएस तुकडीने गावाला वेढा घातला. सगळ्यांना सामुदायिक शेतीच्या धान्यकोठारात कोंडलं, गवत पसरलं, पेट्रोल ओतलं, आग लावली. दार मोडून बाहेर पडले त्यांच्यावर मशीनगन चालवली. १४९ माणसं गेली. त्यांत ७५ मुलं. बारानोव्स्की कुटुंबात नऊ मुलं होती, नोवित्स्कींची सात, इओत्कोंची सात. यास्केविचांचा तोलिक सात आठवड्यांचा होता. काही मुलं वाचली, कुणी आईच्या अंगाखाली, कुणी बटाटे साठवायच्या खड्ड्यात. मोठ्या माणसांत एकटा वाचला, ५६ वर्षांचा लोहार इओसिफ कामिन्स्की. शुद्धीवर आल्यावर त्याला प्रेतांमध्ये त्याचा मुलगा आदाम सापडला. पोटात गोळ्या लागलेला तो मुलगा बापाच्या हातांवर गेला.

गाईडने आम्हाला हे सांगितलं तेव्हा आम्ही सहा मीटर उंच ब्रॉन्झच्या पुतळ्यासमोर उभे होतो. मुलाला दोन्ही हातांवर घेतलेला बाप. शिल्पकार सेर्गेइ सेलिखानोव. पुतळा जबरदस्त आहे, आणि तरीही माझ्या मते खातिनमधली ती सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे. दुःखाचे मोठे पुतळे सोव्हिएत देशात गल्लोगल्ली होते.

खातिनचं वेगळेपण पुतळ्याच्या मागे सुरू होतं. युरी ग्रादोव, वालेंतिन झांकोविच आणि लिओनिद लेविन हे तीन वास्तुकार तेव्हा तरुण होते. स्मारक उघडलं १९६९ च्या जुलैत. त्यांनी गावाचा नकाशा जमिनीवर परत मांडला. जिथे गल्ल्या होत्या तिथे राखेच्या रंगाच्या काँक्रीटच्या फरशा. जिथे घरं होती तिथे २६ चौकटी, ओंडक्यांच्या सगळ्यात खालच्या थरासारख्या. प्रत्येकीला एक उघडं फाटक, आत धुराड्याच्या आकाराचा खांब, खांबावर त्या घरातल्या माणसांची नावं आणि वर घंटा. दर तीस सेकंदांनी घंटा वाजतात. ज्या जागी विहिरी होत्या तिथे चार विहिरी. म्हणजे तुम्ही फाटकातून शिरता, उंबऱ्याशी थांबता, शेजारच्यांचं फाटक किती पावलांवर होतं ते मोजू शकता, पाण्याला कुणाला किती लांब जावं लागत होतं तेही कळतं. स्मारकाच्या एवढ्या गर्दीत मला हा एकच भाग गावाबद्दल काही सांगणारा वाटला. बाकी सगळं मरणाबद्दल आहे.

बाकीचंही थोर आहे हे मान्य. पलीकडे गावांची दफनभूमी आहे, जी परत कधी वसलीच नाहीत अशा १८५ गावांची माती तिथे कलशांत आहे. जळून पुन्हा उभ्या राहिलेल्या ४३३ गावांची नावं काँक्रीटच्या झाडांच्या फांद्यांवर आहेत. एका चौकोनाच्या तीन कोपऱ्यांत तीन बर्च आणि चौथ्यात अखंड ज्योत. सोव्हिएत गणतीप्रमाणे दर चारांतला एक बेलारूसी युद्धात गेला, त्याची ती खूण. या गणितापुढे आमच्या बसमधल्या क्यूबन मुलीही गप्प झाल्या, आणि त्या कधी गप्प होत नसत.

आता शंकेखोरांचा मुद्दा. जळालेली गावं शेकड्यांनी होती, मग खातिनच का? नाव कातिनसारखं ऐकू येतं म्हणून सोव्हिएत सत्तेने मुद्दाम निवडलं, म्हणजे जग दोन्हींत गोंधळेल, असं पश्चिमेत फार दिवस बोललं गेलं. १९७४ च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना खातिनला नेलं तेव्हा तर ही चर्चा उघडच झाली. गोंधळ मॉस्कोच्या सोयीचा होता यात मला शंका नाही. पण निवडीचं कारण तेच होतं, हे मला पटत नाही. खातिन राजधानीपासून तासाभरावर, चांगल्या रस्त्याजवळ, आणि सांगायला जिवंत साक्षीदार असलेलं गाव होतं. स्मारकाचा ध्यास होता बेलारूसचे तेव्हाचे पक्षप्रमुख प्योत्र माशेरोव यांचा. ते स्वतः गनिमी युद्धात लढले होते आणि त्यांच्या आईला जर्मनांनी ठार मारलं होतं. त्या माणसाला स्मोलेन्स्ककडे बघून गाव निवडायची गरज नव्हती.

लपवाछपवी झाली, पण ती दुसरीकडे. स्मारकावर आणि गाईडच्या तोंडी मारेकऱ्यांना एकच शब्द होता, फासिस्ट. ११८ व्या बटालियनमध्ये बहुतेक शिपाई युक्रेनियन होते, त्यांत कैदेत पडून बाजू बदललेले लाल सैन्यातलेही होते, हे कुणी सांगितलं नाही. बटालियनचा चीफ ऑफ स्टाफ ग्रिगोरी वास्युरा हा असाच एक. युद्धानंतर त्याला शिक्षा झाली, १९५५ च्या माफीत तो सुटला आणि कीव्ह भागातल्या सरकारी शेतीवर उपसंचालक होऊन राहिला. १९८६ च्या अखेरीला मिन्स्कमध्ये त्याच्यावर खटला चालला, पुढच्या वर्षी देहदंड झाला. त्या हिवाळ्यात मी त्याच शहरात राहत होते, रोज ट्रामने जात होते, रोज वर्तमानपत्र वाचत होते, रशियन पक्कं व्हावं म्हणून. आमच्यापर्यंत त्या खटल्याचं एक अक्षर पोचलं नाही. बंधुराष्ट्रांच्या गोष्टीत ते बसत नव्हतं. आज युक्रेनशी वैर आहे, तर त्याच बटालियनचं मूळ मोठ्या आवाजात सांगितलं जातं. खरं तेव्हाही तेच होतं. सोय बदलली.

असंच ज्यूंचं. खातिनच्या आधीच, १९४१-४२ मध्ये, या भागातल्या पेठांमधले ज्यू मारून संपवले गेले होते. मिन्स्कमध्ये ‘यामा’, म्हणजे खड्डा, नावाची जागा आहे. २ मार्च १९४२ ला तिथे सुमारे पाच हजार ज्यूंना मारलं. युद्ध संपल्यावर लोकांनी तिथे यिडिश अक्षरांचा एक स्तंभ उभारला. त्यानंतर कित्येक दशकं त्या खड्ड्याच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. खड्ड्यात उतरणाऱ्या माणसांची ब्रॉन्झची रांग २००० साली उभी राहिली, तीही लिओनिद लेविन यांच्याच हातून, म्हणजे खातिनच्या तिघांतले एक, आणि स्वतः ज्यू. ५ जानेवारी २०२२ ला बेलारूसने ‘बेलारूसी जनतेच्या वंशसंहारा’चा कायदा केला. त्यात बेलारूसी जनता म्हणजे त्या काळी त्या प्रजासत्ताकात राहणारे झाडून सगळे सोव्हिएत नागरिक, अशी व्याख्या आहे. एकत्र मोजायचं म्हटलं की यामातले पाच हजार कशामुळे मेले हे निराळं सांगावं लागत नाही. मला ही व्याख्या अप्रामाणिक वाटते.

तर ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिकडे येते. वसतिगृहात माझ्या खोलीतली मुलगी प्लेश्चेनित्सीच्या बाजूची होती. सप्टेंबरात सगळ्या विद्यार्थ्यांना सामुदायिक शेतांवर बटाटे काढायला पाठवत. १९८५ साली ते काम आटोपून ती मला तिच्या आजीकडे घेऊन गेली. तिथे आजीला ‘बाबुल्या’ किंवा नुसतं ‘बाबा’ म्हणतात. मी ‘बाबा’ म्हणताना अडखळायचे नि दोघी हसायच्या. आजीने द्रानिकी केले, किसलेल्या बटाट्याचे जाड घावन, वर आंबट साय. पेचवर माझं अंथरूण घातलं. दोऱ्यात ओवलेली अळंबी डोक्यावर वाळत होती. मी सहज म्हणाले, आम्हाला खातिनला नेलं होतं.

तिचं स्वतःचं गावही जाळलं होतं. ते पुन्हा वसलं, म्हणून त्याचं नाव कलशावर नाही, फांदीवर आहे. युद्धाचं ती काही बोलली नाही. म्हणाली, ‘मी खातिनला लग्नाला गेले होते.’ युद्धाच्या चार-पाच वर्षं आधी, मुलगी असताना. वाटेत ओल्या जमिनीचा पट्टा लागायचा, म्हणून बूट हातात घेऊन गेल्या होत्या सगळ्याजणी आणि गावाच्या तोंडाशी पाय धुऊन बूट घातले होते. अकॉर्डियनवाला दुपारपासून प्यायला बसला, आणि नाचायची वेळ झाली तेव्हा पेचला टेकून घोरत होता. हलवलं, पाणी मारलं, उठेना. मग बायकाच गायल्या, एकीने परातीवर ठेका धरला आणि उजाडेपर्यंत नाचल्या. नवरीची आत्या रुसली होती, का ते आजीला आठवेना. नवरीचं नाव तिने सांगितलं होतं. मी लिहून घेतलं नाही.

खातिनबद्दल मी तीन तरी पुस्तकं वाचली, दोन माहितीपट पाहिले, एलेम क्लिमोवचा १९८५ चा ‘इदी इ स्मोत्री’ (‘या आणि पाहा’) पुण्यातल्या फिल्म सोसायटीत दोनदा पाहिला. जिवंत खातिनबद्दल मला मिळालेली माहिती एवढीच, घोरणारा अकॉर्डियनवाला आणि रुसलेली आत्या.

हे कुणा लेखकांवर बोट दाखवायला म्हणत नाही. आलेस आदामोविच, यान्का ब्रिल आणि उलाद्झिमिर कालेस्निक हे तिघे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला टेपरेकॉर्डर घेऊन जळालेल्या गावांतून हिंडले, शेकडो वाचलेल्यांचे आवाज त्यांनी टेपवर घेतले आणि १९७५ साली ‘मी जळालेल्या गावातला’ या अर्थाच्या नावाचं पुस्तक केलं. आदामोविच स्वतः पोरवयात गनिमांबरोबर जंगलात होते. क्लिमोवच्या चित्रपटाची पटकथा त्यांचीच, क्लिमोवबरोबर लिहिलेली. त्यांनी आगीबद्दल विचारलं. तेव्हा तेच आधी विचारायला हवं होतं, कारण नाहीतर नाकारणारे टपलेले असतात. पण आगीबद्दल विचारून झालं होतं. पुढच्या पन्नास वर्षांत सरकारने जे केलं, ते त्याच एका प्रश्नाला जास्त जास्त चकाकी देण्याचं. २०२३ साली ऐंशीव्या स्मृतिदिनाला खातिनचा परिसर नव्याने सजवून नवं संग्रहालय उघडलं. मी फक्त छायाचित्रं पाहिली आहेत, तेव्हा मत राखून ठेवायला हवं. तरी सांगते, मला त्यात २६ घरांपैकी एकाचाही स्वयंपाक दिसला नाही.

आणि हे नुसतं हळवेपण नाही. ज्या गावाची फक्त मरणाची तारीख उरते, ते गाव वाटेल त्याच्या कामाला जुंपता येतं. काल अमेरिकेच्या अध्यक्षांना दाखवायला, आज शेजाऱ्याला झोडपायला. रुसलेल्या आत्यासकट आठवणीत असलेलं गाव असं सहज उचलता येत नाही.

बाबुल्या स्मारक पाहायला एकदाच गेली होती, उघडल्यावर लवकरच, शेतीवरच्या ट्रकमध्ये बसून. कसं वाटलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, जागा बरोबर आहेत, विहिरी होत्या तिथेच आहेत, पाणी नाही.

आज महाराष्ट्रातली मुलंमुली डॉक्टर व्हायला मिन्स्क, ग्रोद्नो, व्हितेब्स्क, गोमेलला जातात. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं मूल तिकडे असेल तर त्याला सांगा, खातिनला जा, पण पुतळ्यापाशी फार वेळ घालवू नका, फाटकांतून आत शिरा. आणि सुटीत एखाद्या वर्गमैत्रिणीच्या आजीकडे किंवा पणजीकडे जा. युद्धाचं विचारू नका, वाटलं तर ती आपणहून सांगेल. अळंबी कुठल्या अंगाला मिळायची, लग्नात कोण वाजवायचं, कोण कुणावर रुसायचं, ते विचारा. फोन चालू ठेवा. नवरीचं नाव लिहून घ्या. जी मुलगी १९४३ साली दहा वर्षांची होती, ती आज नव्वदीच्या पुढे आहे.